फायबरची पावडर खाऊन वजन उतरतं का? (सातारा, १८०० रुपयांचा डबा आणि मी)

पोवईनाका (धागाकर्ता)
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. वय ४१, उंची १६८ सेमी, वजन ८६ किलो. दिवसभर खुर्चीत बसून काम. पूर्वी चार भिंतीच्या टेकडीवर गप्पा मारत चढायचो, आता निम्म्यात 'व्ह्यू बघायला' थांबतो.

महिन्यापूर्वी जिम लावली. तिसऱ्याच दिवशी ट्रेनरने एक डबा गळ्यात मारला. ३०० ग्रॅम, १८०० रुपये. वर मोठ्या अक्षरांत 'फायबर'. जेवणाआधी अर्धा तास एक चमचा पाण्यातून घ्यायचा, भूक मरते, महिन्यात चार किलो जातात म्हणे. घरी आणल्यावर बायकोने झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "अहो, हे तर इसबगोल. माझे बाबा वीस वर्षं घेतायत, त्यांचं पोट कुठं गेलंय?"

डबा फोडलाय, परत होणार नाही. तर प्रश्न असा, की फायबरच्या पावडरीने खरंच वजन उतरतं का? कुणी स्वतः घेतलंय का? जिम सोडून चालायला जा असा सल्ला देणाऱ्यांना आगाऊ धन्यवाद.

भडंगप्रेमी
पॉपकॉर्न, आपलं, भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

नणंदबाई
सासऱ्यांच्या पोटाचा दाखला देणाऱ्या वहिनींना साष्टांग दंडवत. धागा इथेच संपला खरं तर.

यवतेश्वरची_वाट
जिम सोडा, चालायला जा.
(हलकं घ्या.)

घाटमाथा
मी घेतलंय. तीन वर्षांपूर्वी, असाच डबा, चव संत्र्याची. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलं म्हणून नाचलो, मग महिनाभर काटा हलेना. पण मुख्य किस्सा वेगळा. दुसऱ्या दिवशी सकाळी डबल डोस घेऊन स्वारगेटच्या विनाथांबा गाडीत बसलो. नागेवाडीपर्यंत ठीक. खंबाटकीच्या घाटात पोटात जो काही दरबार भरला, तो विचारू नका. खिडकी उघडी होती म्हणून शेजारचे काका वाचले. पुढे डब्यावर बारीक अक्षरांत वाचलं तर 'इन्युलिन' लिहिलेलं. तेव्हापासून आधी मागची बाजू वाचतो.

नणंदबाई
@घाटमाथा, काका वाचले की तुम्ही?

संगममाहुली
मी एमडी मेडिसिन, इथे रोज वजनाचेच पेशंट बघतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

सगळं फायबर एक नसतं. काही पाण्यात विरघळत नाही, उदा. गव्हाचा कोंडा. काही विरघळतं पण घट्ट होत नाही, आणि मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात. इन्युलिन त्यातलं. घाटमाथा यांच्या घाटाचं कारण तेच. आणि काही पाणी शोषून बुळबुळीत खीर होतात, जसं इसबगोल, ओट्समधलं बीटा-ग्लुकन, गवारीच्या बियांचा गम, ग्लुकोमॅनन. वजनाच्या बाबतीत जी काही आशा आहे ती या शेवटच्या गटाकडून. जठरातलं अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, साखर हळूहळू रक्तात जाते, पोट भरल्यासारखं जरा जास्त वेळ वाटतं. चरबी 'जाळणं' वगैरे काही नाही.

आता आकडे. २०१७ साली एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. फक्त जादा वजनाचे आणि लठ्ठ प्रौढ, १२ चाचण्या, मिळून ६०९ माणसं, कालावधी २ ते १७ आठवडे. विरघळणारं फायबर घेणाऱ्यांचं वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी अडीच किलोने जास्त उतरलं. ऐकायला छान. मग २०२० साली त्याहून मोठं विश्लेषण आलं, घट्ट होणाऱ्या फायबरवर, ६२ चाचण्या, ३८७७ माणसं, आणि जेवणातले उष्मांक मुद्दाम न कापता. फरक किती? ०.३३ किलो. कमरेत ०.६३ सेमी.

तुमच्या ट्रेनरचे चार किलो या दोन्हींत कुठेच बसत नाहीत.

मालदांडी
डॉक्टर, अडीच किलो आणि तीनशे तीस ग्रॅम, एवढा फरक कसा? एकजण तरी चुकीचं मोजतोय.

संगममाहुली
@मालदांडी, चुकीचं कुणीच नाही, मोजणं वेगळं. पहिल्यातल्या चाचण्या थोड्या, लहान, आणि त्यांचे निकाल आपसांत फार विस्कटलेले. असे निकाल एकत्र करून काढलेली सरासरी दिसते तितकी पक्की नसते. दुसऱ्यात वजन व्यवस्थित असलेलेही लोक होते, त्यांचं काय उतरणार? शिवाय त्यातल्या बऱ्याच चाचण्या वजनासाठी नव्हत्याच, कोलेस्टेरॉल-साखरेसाठी होत्या, वजन जाता जाता नोंदलेलं. खरं उत्तर दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल, आणि माझा अंदाज विचाराल तर खालच्या टोकाजवळ.

कृष्णाकाठ_सांगली
फायबर आणि पाणी यावर एक गंभीर गोष्ट सांगतो, मग चालू द्या तुमचं.

आमचे थोरले काका, वय ७०. कुणीतरी सांगितलं इसबगोल चांगलं. काकांनी चूर्णासारखी फक्की मारली आणि वर घोटभर चहा. दहा मिनिटांत छातीत अडकलं. थुंकी गिळेना. मिरजेला नेलं, दुर्बीण घालून तो लगदा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, सुकी भुशी अन्ननलिकेत फुगली की बूच बसतं. तेव्हापासून घरात नियम आहे: आधी मोठ्या ग्लासात ढवळायचं, लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. रात्री झोपायच्या क्षणी तर अजिबात नाही.

संगममाहुली
+१००. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा पूर्वी आतड्यात अडथळा आलाय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. ग्लुकोमॅननच्या गोळ्या तर ऑस्ट्रेलियाने १९८५ सालीच याच कारणाने बंद केल्या होत्या.

सुरणाची_काप
जाता जाता, ग्लुकोमॅनन म्हणजे काय माहितीये का? कोंजाक नावाच्या कंदाचं पीठ. जपानमध्ये त्याच्या शेवया आणि वड्या करतात. आणि हा कोंजाक आपल्या सुरणाचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळीतला. आमच्या परसात सुरण आहे, आता मी पण डबे भरून विकते. २००० रुपये, पोस्टेज वेगळं.

भडंगप्रेमी
खाज पण फुकट मिळेल ना?

सुरणाची_काप
चिंच घालून शिजवा, म्हणजे नाही येत. आईने शिकवलं नाही का?

घेवडा_कोरेगाव
सुरण ठीक, पण आमच्या वाघ्या घेवड्याला विसरू नका राव! जीआय म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, २०१६ ला. तो खाल्ला की डबा कशापायी लागतोय.

मालदांडी
@घेवडा_कोरेगाव, तेच म्हणायला आलो होतो. जरा हिशेब मांडतो. दिवसाला २००० उष्मांक खाणाऱ्याला साधारण ३० ग्रॅम फायबर हवं असं आपल्याकडची राष्ट्रीय पोषण संस्था धरते. ज्वारीत १०० ग्रॅमला दहाएक ग्रॅम असतं. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर दोन भाकऱ्यांत १२. मूठभर घेवडा (सुका ४० ग्रॅम) उसळीत गेला की साडेसहा. एक मध्यम पेरू, १०० ग्रॅमचा, साडेआठ. झाले २७. भाजी-कोशिंबीर अजून मोजलीच नाही. पोवईनाका, तुमच्या डब्यातल्या एका चमच्यात किती येतं ते बघा. इसबगोल असेल तर पाच ग्रॅमला चारच्या आसपास.

पांढरा तांदूळ १०० ग्रॅमला तीनच्या आत. म्हणून म्हणतो, भात कमी, शाळू जास्त. आजी माणदेशातली होती, आयुष्यभर भाकरीवर जगली, ८८ व्या वर्षी विहिरीला पोहरा टाकायची.

यवतेश्वरची_वाट
@मालदांडी, सगळं मान्य, आजीवाला भाग सोडून. आजी दिवसभर रानात राबायची, भाकरीने बारीक नव्हती. माझ्या सासरी पाच-पाच भाकऱ्या, वर तूप, शेंगदाण्याची चटणी, आणि सगळे गरगरीत. ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळपास सारखेच. 'भाकरी खाल्ली की वजन उतरतं' हा ट्रेनरच्या डब्याचाच गावरान अवतार आहे.

मालदांडी
एक भाकरी पोट धरते, दोन चपात्या धरत नाहीत, हे माझं अनुभवाचं बोल. पाच खाणाऱ्याला ब्रह्मदेवही वाचवणार नाही.

नणंदबाई
पाच भाकऱ्या खाणारे यवतेश्वर ताईंच्या सासरचे लोक हा धागा वाचत नसतील ही आशा.

मोडी_वाचक
थोडं अवांतर. इसबगोल हा शब्द फारसीतला. 'अस्प' म्हणजे घोडा, 'घोल' म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून घोड्याचा कान. पीक आपल्याकडे नाही, उत्तर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशाच्या नीमचकडे होतं, आणि मोठा बाजार उंझ्याला. अमेरिकेत जी महागडी चकचकीत डब्यातली भुशी विकतात तीही बहुतेक तिथूनच गेलेली असते. म्हणजे आपली भुशी परदेशी जाऊन 'सिलियम हस्क' होऊन परत येते.

भडंगप्रेमी
पोरगं पुण्याला जाऊन दोन वर्षांनी यावं तसं.

पोवईनाका (धागाकर्ता)
बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! मागची बाजू वाचली. भिंगातून वाचली, कारण अक्षरं मुंगीची. क्रमाने: इन्युलिन, गवार गम, इसबगोल भुशी, मग सुक्रालोज (कृत्रिम गोडी), संत्र्याची चव, रंग. प्रमाण कशाचंच वेगळं दिलेलं नाही. पहिलं इन्युलिन! आता कळलं पहिल्या आठवड्यात ऑफिसात सगळे माझ्या टेबलापासून लांब का बसले.

डॉक्टर, गवार गमचं काय?

संगममाहुली
घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे तुम्ही १८०० रुपयांत मुख्यतः गॅस विकत घेतलाय. गवार गमवर २००१ सालीच चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या, वजन उतरण्याच्या बाबतीत उपयोग दिसला नाही. ग्लुकोमॅननचं चित्र दुटप्पी आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली त्याला वजनासाठी मान्यता दिली, पण अटी बघा: दिवसाला ३ ग्रॅम, तीनदा एकेक ग्रॅम, जेवणाआधी, एक-दोन ग्लास पाण्यासोबत, आणि मुळात कमी खाणं चालू असेल तरच. पुढे २०१४ च्या आढाव्यात मात्र त्याने वजनात म्हणावा असा फरक दिसला नाही.

इसबगोलचा खरा गुण वेगळाच आहे. 'वाईट' कोलेस्टेरॉल थोडं उतरवतं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) १९९८ साली पाकिटावर हृदयासाठीचा दावा छापायला परवानगी दिली ती त्याचमुळे, रोज ७ ग्रॅम विरघळणारं फायबर जाईल इतकी भुशी घेतली तर. दहा ग्रॅमच्या वर भुशी लागते. तुमचे सासरे वीस वर्षं घेतायत ना? त्यांचं लिपिड (रक्तातलं कोलेस्टेरॉल वगैरे) बघा, पोट नका बघू.

नणंदबाई
वहिनींना हे वाचून दाखवू नका, नाहीतर परत माहेरचा विजय.

हळदीचं_पेव
माझा प्रश्न कुणी घेईल का? मला थायरॉइडची गोळी आहे सकाळी उपाशीपोटी. वजन वाढतंय म्हणून मैत्रिणीने सांगितलं, गोळी घेतली की लगेच इसबगोल घे, मग चहा. दोन महिने तसंच करतेय. काही बिघडतं का?

संगममाहुली
@हळदीचं_पेव ताई, हो, बिघडू शकतं. फायबर ती गोळी आतड्यात धरून ठेवतं, अंगाला कमी लागते. गोळी सकाळी, इसबगोल संध्याकाळी, निदान तीन-चार तासांचं अंतर हवं. आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या लगेच. मधुमेहाच्या औषधावर असणाऱ्यांनीही सांगून घ्यावं, कारण साखर खाली जाऊ शकते. बाकी औषधं आणि भुशी यांच्यात दोन तास तरी ठेवा.

हळदीचं_पेव
उद्याच जाते. मैत्रिणीला पण फोन करते, ती स्वतः तसंच घेते.

घेवडा_कोरेगाव
म्या काय म्हंतो, आता सगळी इंजेक्शनं आली म्हंत्यात वजनाची. मग भुशी कशाला?

यवतेश्वरची_वाट
इंजेक्शनचा वेगळा धागा काढा, तिथे दोनशे प्रतिसाद होतील आणि शेवटी राजकारण. इथे भुशीच राहू द्या.

अर्धी_मॅरेथॉन
मी उशिरा आलो, पण एक चाचणी सांगायची राहिली असं वाटतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २४० लोकांवर, २०१५ ला आली. चयापचयाची गडबड असलेले लोक, म्हणजे पोट सुटलेलं, साखर-बीपी काठावर. निम्म्यांना एकच गोष्ट सांगितली: रोज ३० ग्रॅम फायबर खा, बस. उरलेल्यांना हृदयरोग संघटनेचा लांबलचक आहार, तेरा-चौदा नियम. वर्षभराने एका नियमवाल्यांचं २.१ किलो उतरलं, बाकीच्यांचं २.७. मला त्या २.१ चं कौतुक जास्त, कारण एकच नियम पाळायचा होता. आणि तो पावडरीने नाही, जेवणातून.

मी स्वतः ९२ चा ७८ झालो. तीन वर्षं लागली. सातारच्या हिल मॅरेथॉनला पहिल्यांदा यवतेश्वरचा घाट चढताना रडलो होतो, दुसऱ्यांदा फक्त शिव्या दिल्या. इसबगोल मीही घेतो, रात्रीच्या जेवणाआधी. त्याने मला काय केलं? ताटातला दुसरा भात गेला. तेवढंच. पण तो दुसरा भात रोजचा होता.

मालदांडी
"दुसरा भात गेला" हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

मोडी_वाचक
@अर्धी_मॅरेथॉन, पण मग भुशीने गेला की तुमच्या निश्चयाने?

अर्धी_मॅरेथॉन
माहीत नाही. खरंच. दोन ग्लास पाणीच एवढं पोटात जातं की त्यानेही जात असेल. एकदा आठवडाभर नुसतं पाणी पिऊन बघितलं, भूक थोडी लवकर लागली. पण आपण काय प्रयोगशाळा नाही.

पोवईनाका (धागाकर्ता)
पुन्हा मीच, सहा आठवड्यांनी. धागा वर काढल्याबद्दल माफी.

अहवाल: ८६ चे ८४.३. कंबर १०१ चे ९९. ट्रेनरचे चार किलो काही आले नाहीत. डबा पहिल्याच आठवड्यात बंद केला, मेडिकलमधून साधी भुशी आणली, संध्याकाळी सातला दोन ग्लास पाण्यातून. पोट साफ, ते निर्विवाद. भूक? आठ वाजता कपाटातल्या फरसाणाकडे हात जात नाही, हे खरं.

पण प्रामाणिकपणे सांगतो, मधल्या काळात राजवाड्यापर्यंत चालत जाणं चालू झालं आणि कंदी पेढे शनिवारपुरते उरले. त्यामुळे १.७ किलोपैकी भुशीचे किती, ते देवच जाणे.

संगममाहुली
छान. मोजत राहा, पण काट्यापेक्षा कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेमीच्या आत यायचंय, बायकांना ८०. आणि आपल्या लोकांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच जादा वजन धरतात, तुम्ही तीसच्या जवळ आहात अजून.

यवतेश्वरची_वाट
राजवाड्यापर्यंत चालत जाणं. म्हणजे माझा पहिलाच प्रतिसाद बरोबर होता.

नणंदबाई
पेढ्याच्या दुकानावरून चालत जाऊन फक्त शनिवारी घेणारा माणूस साताऱ्यात पहिलाच.

हळदीचं_पेव
माझं पण कळवते. टीएसएच वाढलेलंच निघालं होतं. वेळ बदलली, डोस तोच ठेवलाय, दोन महिन्यांनी परत तपासायचंय. वजन आहे तेवढंच. पण दम लागणं कमी झालं.

भडंगप्रेमी
@पोवईनाका, सगळं झालं, पण १८०० च्या डब्याचं काय केलंत? ट्रेनरने परत घेतला?

पोवईनाका (धागाकर्ता)
ट्रेनर दुसऱ्या जिमला गेला. पावडर कुंडीतल्या जास्वंदीला घातली, तीही थोडी फुगली असं वाटतं. बरणी मात्र दणकट आहे, झाकण घट्ट बसतं. सासूबाईंनी त्यात मेतकूट भरून पाठवलंय.